डब्यातला ल्यांगछा : चिनी वनौषधींचा काढा शीतपेय म्हणून पिताना

लिचीबाग (धागालेखक)

दक्षिण चीनमधील ग्वांगतुंग प्रांतात ल्यांगछा (शब्दशः शीतल चहा) या नावाने ओळखला जाणारा वनस्पतींचा काढा आता लाल डब्यातून परदेशांतील चिनी दुकानांतही मिळतो. कामानिमित्त ग्वांगचौ शहरात राहत असल्यामुळे डब्यातला आणि दुकानात उकळलेला असे दोन्ही प्रकार मी नेहमी पितो. हे पेय चाखणाऱ्या मराठी मंडळींच्या प्रतिक्रिया सहसा दोन टोकांच्या असतात. काहींना ते आयुर्वेदाचे चिनी भावंड वाटते, तर काहींना निव्वळ साखरेचे पाणी. प्रत्यक्ष डब्यात काय असते याची नीट चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

नावात चहा असला तरी ल्यांगछामध्ये चहाची पत्ती घालत नाहीत, त्यामुळे कॅफीनही नसते. सर्वांत प्रसिद्ध असलेल्या वांगलाओजी या ब्रँडच्या ३१० मिलीलिटरच्या डब्यावर पाणी आणि साखर यांच्यानंतर सात वनस्पतींची नावे छापलेली असतात आणि त्यांतील बरीच आपल्या ओळखीची निघतात. शेवंतीची फुले आहेत, देवळाच्या आवारात आढळणाऱ्या पांढऱ्या चाफ्याची वाळवलेली फुले आहेत, ज्येष्ठमध आहे. काळसर जेली करण्यासाठी वापरतात ती मेसोना नावाची, तुळशीच्या कुळातील वनस्पती आहे. फालशाच्या नात्यातील मायक्रोकॉस या झाडाची पाने आहेत आणि ते झाड आपल्या सह्याद्रीतही वाढते. हनिसकलच्या कळ्या आहेत (तिला आपली मधुमालती समजू नये, ती वेल निराळी) आणि शेवटी प्रुनेला या रानटी वनस्पतीचे वाळलेले तुरे आहेत.

चवीबद्दल सांगायचे तर ज्येष्ठमधाच्या काढ्यात कोणी भरपूर गूळ विरघळवून तो बर्फात ठेवावा, तसे काहीसे लागते. कडूपणा जवळजवळ नाही. गिळल्यावर घशात वाळक्या पानांचा मंद वास रेंगाळतो, आणि हा वासच पुष्कळांना पहिल्या खेपेस आवडत नाही. यात वायू नसल्यामुळे ज्यांची जीभ सोड्याच्या पेयांना सरावलेली आहे त्यांना ते मिळमिळीत वाटते.

हा काढा याच प्रांतात का रुजला, याचे उत्तर हवेत आहे. ग्वांगचौ कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असून उन्हाळा लांब आणि दमट असतो, आणि वसंतात तर समुद्रावरून येणाऱ्या ओलसर वाऱ्यामुळे भिंतींना व फरशांना अक्षरशः पाझर फुटतो. तोंड येणे, हिरड्या सुजणे, घसा धरणे, चेहऱ्यावर पुळ्या येणे अशा तक्रारींना इथले लोक शांगहुओ, म्हणजे अंगात अग्नी चढणे, असे म्हणतात. तळलेले खाणे, जागरण आणि हंगामात अति खाल्लेली लिची ही त्याची नेहमीची कारणे सांगितली जातात. आंब्याच्या दिवसांत गळू उठले की उष्णतेला बोल लावणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आपले अनुभव आणि शंका अवश्य लिहाव्यात.

कडूकारले

धागा चांगला आहे, परंतु डब्यापासून सुरुवात केल्यामुळे मूळ पदार्थावर अन्याय होतो असे माझे मत आहे. मी अनेक वर्षे हाँगकाँगमध्ये आहे. इथल्या जुन्या ल्यांगछाच्या दुकानांत दर्शनी भागी पितळेची भोपळ्याच्या आकाराची मोठी पिंपे असतात, त्यांच्या तोट्यांतून काढा वाडग्यात ओततात आणि गिऱ्हाईक तो दुकानापुढे उभ्याउभ्याच संपवते. काढा कोमट किंवा गरम असतो. चिनी वैद्यकाच्या दृष्टीने ल्यांगछाची शीतलता वनस्पतींच्या गुणात असते, तापमानात नव्हे, आणि बर्फगार पेयांनी पोट बिघडते असे हेच वैद्य सांगत आलेले आहेत. म्हणजे फ्रिजमधून काढलेला डबा मूळ शास्त्राच्या नेमका उलट वागतो.

या दुकानांत चोवीस चवींचा म्हणून जो काढा मिळतो तो एकदा प्यावा. नाव चोवीसचे असले तरी वनस्पतींची संख्या दुकानागणिक बदलते. तो काळाकुट्ट असतो आणि इतका कडू असतो की नंतर तोंडात टाकायला खारवलेला आलुबुखार किंवा संत्र्याची साखरेत मुरवलेली साल अनेक ठिकाणी दिली जाते. ज्यांना एवढे धाडस नको त्यांच्यासाठी पाच फुलांचा काढा असतो. त्यात शेवंती, हनिसकल आणि चाफा यांच्याबरोबर बहुधा काटेसावरीचे फूल असते. ग्वांगचौ शहराचे मानाचे फूल तेच. मार्चच्या सुमारास झाडाखाली पडलेली ती तांबडी फुले गोळा करून लोक सज्जांत आणि पदपथांवर वाळत घालतात. आपल्याकडे काटेसावर फुलते तेव्हा आपण छायाचित्रे काढतो आणि पुढे जातो.

१९५० आणि १९६० च्या दशकांत, घरोघरी रेडिओ-दूरदर्शन नसताना, हाँगकाँगमधील ही दुकाने तरुण मुलामुलींचे बसण्याचे ठिकाण होती. एका वाडग्याच्या पैशांत तासभर गाणी ऐकत बसता येई, काही दुकानांत पैसे टाकून तबकड्या वाजवण्याची यंत्रेही होती. २००६ साली ग्वांगतुंग, हाँगकाँग आणि मकाव यांच्या ल्यांगछाला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत स्थान मिळाले. ते या सगळ्या व्यवहाराला मिळाले, लाल डब्याला नव्हे, असे मी मानतो.

हवाबंद

माझे सारे आयुष्य फळांचे रस आणि गर डबाबंद करण्यात, त्यातही रत्नागिरीच्या हापूसच्या गरात गेले, म्हणून डब्याविषयी थोडे लिहितो.

वांगलाओजीचा डबा हातात घेतल्यास तो कोकच्या डब्यापेक्षा जड आणि ताठ लागतो. कारण तो कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा असून धड, बूड आणि झाकण असे तीन तुकडे जोडून केलेला असतो. सोड्याच्या पेयांचा ॲल्युमिनियमचा डबा फार पातळ असला तरी आतल्या वायूच्या दाबामुळे ताठ उभा राहतो. ल्यांगछात वायू नाही, त्यामुळे डब्याने स्वतःच्या बळावर उभे राहायला हवे.

याहून महत्त्वाचे कारण निर्जंतुकीकरणाचे आहे. कोकम सरबत किंवा आंब्याचा गर आंबट असतो, आणि आंबट पदार्थात बोट्युलिझमचे घातक जंतू वाढत नाहीत, म्हणून तो उकळबिंदूच्या आतबाहेर तापवून भरला तरी टिकतो. वनस्पतींच्या काढ्याला असा आंबटपणा नसतो. असे पेय हवाबंद करून दोन वर्षे ठेवायचे असेल तर भरलेला डबा दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. या तापमानाला फुलांचे नाजूक सुगंध टिकत नाहीत. शेवंतीचा ताजा फांट (उकळत्या पाण्यात फुले भिजवून गाळलेले पाणी) आणि डब्यातील पेय यांच्या वासात जो फरक लागतो, त्याला उत्पादकाचा कंजूषपणा दर वेळी जबाबदार नसतो.

साखरेचा मात्र टिकवण्याशी काही संबंध नाही. एवढ्या प्रमाणात साखर टिकवणुकीला उपयोगी पडत नाही. ती केवळ चवीसाठी आहे.

नवखा_प्रवासी

चर्चा माहितीपूर्ण चालली आहे. एक साधी शंका विचारतो. शेन्झेनच्या दुकानात मला जवळजवळ सारखे दिसणारे दोन लाल डबे शेजारी शेजारी दिसले, एक वांगलाओजी आणि दुसरा ज्यादुओबाओ. यांपैकी खरा कोणता समजायचा?

लिचीबाग

आपल्या शंकेचे उत्तर लांबणार आहे, कारण चीनमधील व्यापारचिन्हांच्या इतिहासातील हे एक गाजलेले भांडण आहे.

वांग झपांग नावाच्या माणसाने १८२८ साली ग्वांगचौमध्ये हा काढा विकायला सुरुवात केली, असे कंपनी सांगते. १९४९ नंतर मुख्य भूमीवरील धंदा सरकारच्या ताब्यात गेला आणि हाँगकाँगमधील शाखा कुटुंबाकडे राहिली. पुढे नावाची मालकी असलेल्या ग्वांगचौच्या सरकारी औषध समूहाने १९९० च्या दशकात हाँगकाँगच्या होंगदाओ समूहाला लाल डब्यासाठी हे नाव भाड्याने वापरू दिले, आणि स्वतः हिरव्या कागदी खोक्यातील पेय विकत राहिला. लाल डबा आपण बाजारात पाहतो त्या रूपात घडवला तो या भाडेकरू समूहाच्या कंपनीने, म्हणजे ज्यादुओबाओने.

सुरुवातीला तिचाही जम बसत नव्हता. ग्वांगतुंगच्या लोकांना ते औषध म्हणून फार गोड लागे, आणि उत्तरेकडील लोकांना काढा विकत घेऊन का प्यायचा हेच कळत नसे. २००२-०३ मध्ये कंपनीने औषधाची भाषा सोडली आणि अग्नी चढण्याची भीती वाटते तर वांगलाओजी प्या, एवढेच सांगायला सुरुवात केली. जाहिरातींत झणझणीत हॉटपॉट (टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायचे जेवण), तळलेले पदार्थ, रात्रभर चाललेले फुटबॉलचे सामने दाखवले जात. आजार होण्याआधी, मजा करतानाच प्यायचे पेय अशी त्याची जागा ठरली आणि खप पाहता पाहता वाढला. २००८ साली सिचुआनच्या भूकंपानंतर या कंपनीने १० कोटी युआनची देणगी जाहीर केली, तेव्हा तर दुकानांतील सारे डबे विकत घेऊन संपवा अशा हाका इंटरनेटवर दिल्या गेल्या.

नंतर उघड झाले की नाव वापरण्याची मुदत २०२० पर्यंत वाढवून घेण्यासाठी सरकारी समूहाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला लाच देण्यात आली होती. मे २०१२ मध्ये लवादाने ती मुदतवाढ रद्द ठरवली. ज्यादुओबाओला नाव सोडावे लागले, आणि सरकारी समूहाने स्वतःचा लाल डबा बाजारात आणला. मग लाल रंग कोणाचा यावर खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयात हरल्यावर ज्यादुओबाओने काही काळ सोनेरी डबा काढला. अखेर ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च लोकन्यायालयाने या वेष्टनाच्या लौकिकात दोघांचाही वाटा असल्याचे मान्य केले आणि दोघांनाही ते वापरण्याची मुभा दिली.

म्हणून आपल्याला दोन डबे दिसले. नाव एकाकडे राहिले आणि ते नाव घरोघरी पोहोचवणारी कंपनी दुसरी. कुटुंबाच्या हाँगकाँग शाखेने आपली पाककृती ज्यादुओबाओला दिली, त्यामुळे खऱ्या वारशावरही दोघे हक्क सांगतात. डोळे मिटून चाखल्यास मला तरी दोघांत फरक ओळखता येत नाही.

जुनी_पेठ

वांगलाओजीच्या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. हे दुकान ग्वांगचौच्या ज्या भागात होते असे सांगतात, तो परदेशी व्यापाऱ्यांच्या तेरा वखारींच्या परिसरातला. त्या काळात त्या वखारींशी व्यापार करणाऱ्यांत मुंबईचे पारशी व्यापारी मोठ्या संख्येने होते आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून तिकडे जात असे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या चीनच्या व्यापाराचा मोठा भाग होता. १८३९ साली ही अफू नष्ट करायला आलेला अधिकारी लिन झशू ग्वांगचौत आजारी पडला, वांगच्या काढ्याने बरा झाला आणि त्याने वांगला तांब्याचा भोपळा भेट दिला, अशी दंतकथा कंपनी आवडीने सांगते. कथेला कागदोपत्री आधार असो वा नसो, ल्यांगछाच्या दुकानांत भोपळ्याच्या आकाराची पिंपे का असतात याचे स्पष्टीकरण म्हणून ती लोकांच्या तोंडी आहे.

पथ्यपाणी

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर आहे आणि रुग्णांकडून असल्या पेयांबद्दल वारंवार विचारणा होते, म्हणून लिहितो.

पहिला मुद्दा साखरेचा. या पेयाच्या १०० मिलीलिटरमध्ये साधारण ९ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका डब्यात सुमारे २८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे साधारण ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि ती २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. एका डब्यातच ती दुसरी मर्यादा ओलांडली जाते. मधुमेह असलेल्यांनी वनौषधी या शब्दाला भुलू नये.

दुसरा मुद्दा ज्येष्ठमधाचा. त्यातील ग्लिसिरायझिन जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. अधूनमधून घेतलेल्या एका डब्याने असे होईल असे मी म्हणत नाही. परंतु जे लघवी वाढवणारी किंवा हृदयाची काही विशिष्ट औषधे घेतात, त्यांनी रोजची सवय लावून घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हाच सल्ला मी आपल्या घरगुती ज्येष्ठमधाच्या काढ्यांबाबतही देतो.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. दक्षिण चीनमध्ये जी-सिक्स-पीडी या, तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता बऱ्याच लोकांत आढळते. अशा व्यक्तींना, विशेषतः तान्ह्या बाळांना, हनिसकलसारख्या वनस्पतींचे काढे देऊ नयेत असे हाँगकाँगमध्ये सांगितले जाते. ही कमतरता भारतातही, उदाहरणार्थ पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत, आढळते. घरात कोणाला ती असल्याचे माहीत असेल तर सावध राहावे.

आरोग्याच्या दाव्यांबाबत एवढेच सांगतो की डिसेंबर २०१७ मध्ये वांगलाओजीची मालकी असलेल्या समूहाच्या अध्यक्षांनी या पेयाने आयुष्य सुमारे १० टक्क्यांनी वाढते असे एका परिषदेत जाहीर केले. आधार होता उंदरांवरील प्रयोगाचा. चिनी लोकांनीच त्याची यथेच्छ टिंगल केली.

विषुववृत्त

सिंगापूरमध्ये ३० डिसेंबर २०२२ पासून वेष्टनबंद पेयांसाठी साखर आणि संपृक्त स्निग्धांश यांनुसार ए ते डी अशा इंग्रजी अक्षरांच्या श्रेणी लागू आहेत आणि खालच्या दोन श्रेणींतील पेयांवर ती श्रेणी ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. १०० मिलीलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा जास्त आणि १० ग्रॅमपर्यंत साखर असेल तर पेय तिसऱ्या श्रेणीत जाते. डॉक्टरसाहेबांनी दिलेला आकडा पाहता या डब्याची जागा तीच. अशा छपाईमुळे इथे कमी साखरेच्या पेयांची संख्या वाढलेली मला दिसते.

माझ्या मुलांना लाल डबा आवडत नाही, परंतु इथे सर्रास मिळणारे शेवंतीचे डबाबंद पेय ती आनंदाने पितात. प्रथमच चव घेणाऱ्यांना मी आधी शेवंतीचे पेय, मग मेसोनाचे, आणि त्यानंतरच मिश्र ल्यांगछा असा क्रम सुचवीन. शेवंतीचा वास ओळखीचा असतो, त्यामुळे पहिल्याच घोटाला तोंड वाकडे होत नाही.

कडूकारले

डॉक्टरांनी दाव्यांचा विषय काढलाच आहे, तर २००९ सालचा वादही नोंदवावा. चीनच्या आरोग्य मंत्रालयाच्या, खाद्य म्हणूनही वापरता येणाऱ्या औषधी वनस्पतींच्या यादीत प्रुनेला नव्हती, आणि तरीही ती वांगलाओजीत घातली जाते यावरून गदारोळ झाला. कंपनीने आधीच नोंद केलेली असल्याचे सांगून मंत्रालयाने तो निस्तरला आणि २०१० साली ल्यांगछासाठी या वनस्पतीच्या वापराला रीतसर परवानगी दिली. माझा आक्षेप इथेच आहे. कडू औषध म्हणून विकले असते तर मात्रा, पथ्य आणि कोणी घेऊ नये हे सांगावे लागले असते. पेय म्हणून विकल्यामुळे ती जबाबदारी टळली, आणि औषधाचा मान मात्र जाहिरातीत पुरेपूर वापरता आला.

हवाबंद

कडूकारले, आपला आक्षेप रास्त आहे, तरी दुसरी बाजूही पाहावी. दुकानातल्या पिंपातून येणाऱ्या काढ्यावर कोणते लेबल असते? त्यात काय आणि किती घातले आहे हे विचारणाऱ्याला दुकानदार हसून वाटेला लावतो. डब्यावर निदान सातही वनस्पती आणि साखरेचा आकडा छापलेला असतो, म्हणून तर आपण इथे त्यांची चिकित्सा करू शकलो.

कडूकारले

हे मान्य आहे. तरीही कडू चव हीच ल्यांगछाची खरी मात्रा आहे असे मी म्हणेन, कारण एक वाडगा संपवल्यावर दुसरा मागण्याची इच्छा कोणाला होत नाही. गोड डबा मात्र एकामागून एक तीन प्यायले तरी काही वाटत नाही.

लिचीबाग

कडूकारले यांचे शेवटचे वाक्य मला पूर्णपणे पटले. माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की लाल डबा सरबताच्या रांगेत बसवायचा, काढ्याच्या नाही. हॉटपॉटच्या तिखटाबरोबर तो खरोखर छान लागतो, कारण गोडव्याने जिभेची आग शमते, आणि तेवढ्यासाठी अंगातल्या अग्नीचे शास्त्र मानण्याची गरज पडत नाही. साखरविरहित डबाही आता मिळतो. त्यात वाळक्या पानांचा वास अधिक उठून दिसतो, म्हणून ज्यांना तो वास आवडत नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

घरी करून पाहायचे असेल तर प्रुनेला, तुतीची पाने आणि शेवंती या तिघांचे मिश्रण इथे घरोघरी करतात. प्रुनेला पाण्यात थोडा वेळ भिजवून मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर वीसेक मिनिटे उकळावी, तुतीची पाने आणि शेवंती शेवटच्या पाच मिनिटांत घालून झाकण ठेवावे आणि गाळून घ्यावे. लोखंडी भांडे टाळावे, कारण त्यात काढा काळवंडतो आणि चव बिघडते. प्रुनेला मिळाली नाही तर नुसती शेवंती आणि खडीसाखरेचा एक खडा पुरतो. फुले खाण्यासाठी म्हणून विकली जाणारीच घ्यावीत. हार-तुऱ्यांच्या बाजारातील शेवंतीवर कीटकनाशके फवारलेली असू शकतात, त्यामुळे ती या कामासाठी वापरू नये.